गोळी सुरू झाली, पुढे काय?

सातारा, प्रतिनिधी : उच्च रक्तदाबावरील उपचार सुरू करणे सोपे, ते वर्षानुवर्षे टिकवणे अवघड. सातारा जिल्ह्याला हा अनुभव जुना आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू झाला, तेव्हा पाच राज्यांतील पहिल्या २५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा यांची निवड झाली होती.

उपक्रमाची रीत साधी आहे. डॉक्टरगणिक निराळी औषधे लिहिण्याऐवजी राज्यासाठी एकच उपचारक्रम ठरतो. साधारणतः आधी ॲम्लोडिपिन, दाब १४०/९० च्या खाली न आल्यास जोडीला टेल्मिसार्टन, तरीही न भागल्यास लघवीवाटे क्षार बाहेर टाकणारे औषध. औषधे मोजकी असल्याने ती एकगठ्ठा खरेदी करता येतात आणि रुग्णाला तीस दिवसांच्या गोळ्या मोफत मिळतात. खरी मेख नोंदींत आहे. किती जणांचा दाब आटोक्यात आला, किती जणांचा नाही आणि किती जण फिरकलेच नाहीत, हे तिन्ही आकडे वेगवेगळे मोजले जातात. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी उपचार घेणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांचा दाब नियंत्रणात असल्याचे केंद्र सरकारने सांगितले होते. उरलेल्यांचा शोध घ्यायचा तर तिसरा आकडा पाहावा लागतो.

सातारा आणि सांगलीत त्याचे एक कारण डोळ्यांसमोर आहे. पाटण, जावळीतील माणूस माथाडी कामासाठी नवी मुंबईत. खानापूर, आटपाडीतील गलाई कारागीर देशभर विखुरलेला. महिन्याच्या गोळ्या घेऊन गेलेला हा रुग्ण जत्रेलाच गावी परततो. त्यात या विकाराला बहुधा लक्षणे नसतात. डोके दुखत नाही, मग गोळी कशाला, हा हिशेब शहरातील शिकलेल्या घरांतही चालतो.

कोलेस्टेरॉलची गोष्ट आणखी अवघड. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब, तर २४ टक्क्यांना वाढलेले कोलेस्टेरॉल आढळले. दाब दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत समजतो. कोलेस्टेरॉलसाठी रक्त द्यावे लागते. भारतीय हृदयरोग संघटनेने २०२४ मध्ये घातक कोलेस्टेरॉलची, म्हणजे एलडीएलची, मर्यादा सर्वसामान्यांसाठी १००, जास्त धोका असणाऱ्यांसाठी ७० आणि अतिधोक्याच्या रुग्णांसाठी ५५ मिलिग्रॅमच्या खाली सांगितली. कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतातच तयार होत असल्याने केवळ तेल-तूप आवरून ५५ गाठणे बहुतेकांना अशक्य असते. तेथे स्टॅटिन लागतेच. पण अहवाल चांगला आला की तीच गोळी पहिली बंद होते आणि काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो. यवतेश्वरचा घाट रोज चढणाऱ्यालाही ही सूट नाही.

पथ्याचे मोल यामुळे कमी होत नाही. विशेषतः मिठाचे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. लोणचे, पापड आणि सांगलीची भडंग असताना ती कधी ओलांडली, हे कळतही नाही. याच संघटनेने २०२५ मध्ये घरात कमी सोडियमचे, पोटॅशियमयुक्त मीठ वापरण्याची शिफारस केली. मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांना ती लागू नाही. टेल्मिसार्टननेही रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, तेव्हा ही गोळी घेणाऱ्यांनी असे मीठ घरी आणण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे.