गाडीतला आवाज

महिन्यातून एकदा आम्ही सासूबाईंना घेऊन साताऱ्याहून पुण्याला डॉक्टरांकडे जातो. वाटेत त्यांच्यासाठी नाट्यगीतं लावायची, हा आमचा शिरस्ता. पण खंबाटकीचा घाट लागला की इंजिनाच्या घरघरीत शब्द बुडून जायचे. आवाज वाढवावा, तर पत्र्याचा डबा बडवल्यासारखा कर्कश. मग सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं, बंद कर." आणि पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत गप्प बसायच्या. मला वाटे, आता त्यांना ऐकायलाच कमी येतंय. पण घरी स्वयंपाकघरातल्या जुन्या रेडिओवर त्यांना शब्दन्‌शब्द कळतो! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की खोट गाडीतच आहे.

ह्यांना काय, निमित्तच हवं होतं. दुकानातून आले ते डिकीत बसणारा भला मोठा सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा, हे मनाशी ठरवूनच. खोक्यावर म्हणे १२०० वॉट लिहिलंय! मी म्हटलं, अहो, आपला मिक्सर ५०० वॉटचा. एवढ्याशा गाडीला १२०० झेपायचे कसे? आणि आईंचा वॉकर कुठे ठेवायचा, टपावर?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी हा घोळ उलगडून सांगितला. खोक्यावरचा ठळक आकडा असतो तो क्षणभराच्या जोराचा. सतत किती वॉट मिळतील, तो आकडा ‘आरएमएस’ या नावाखाली बारीक अक्षरांत दडलेला असतो. पाहायचा तो हाच. गाडीबरोबर आलेल्या साध्या स्टिरिओवर ‘५० गुणिले ४’ असं छापलेलं असलं, तरी एकेका स्पीकरला सतत मिळतात ते साधारण १५ ते २० वॉटच. घरातल्या घरात ऐकायला तेवढे पुष्कळ झाले.

पैसे खर्च करण्याआधी बाईंनी एक फुकटचा उपाय करायला लावला. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ‘फेडर’ असतो. आवाज पुढच्या स्पीकरांतून किती आणि मागच्यांतून किती, हे तो ठरवतो. आमची गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकांनी सगळा आवाज मागे ढकललेला आणि बेस अगदी टोकाला नेलेला! सासूबाई बसतात पुढे. दोन्ही ठीक केलं, तर निम्मा फरक तिथेच पडला. तुम्हीही आधी हे करून बघा.

उरलेल्या निम्म्यासाठी फक्त पुढच्या दारांतले स्पीकर बदलायचे ठरलं. कंपनीच्या स्पीकरांचा कोन बहुधा साध्या कागदाचा आणि लोहचुंबक अगदी लहान. आम्ही साडेसहा इंची ‘को-अ‍ॅक्सियल’ जोडी घेतली. तिच्यात बारीक आवाजाचा ट्वीटर मधोमध बसवलेला असतो, आणि शब्दांतले स, श, त खुलतात ते त्याच्यामुळे. घेताना ‘सेन्सिटिव्हिटी’चा आकडा जरूर विचारा. तो ३ डेसिबलनं जास्त असेल, तर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज निघतो. माझ्या शिकवणीच्या पैशांत हे बसलं आणि डिकीही मोकळी राहिली.

बसवताना मात्र मी दुकानात ठाण मांडून बसले. मूळ वायर कापू दिली नाही. गाडीप्रमाणे तयार कपलर मिळतो, तो लावायचा. उद्या गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात. दाराच्या पत्र्याला आतून डँपिंगची चिकट शीट लावून घेतली, त्यानं पत्र्याची थरथर थांबते. आणि दाराच्या आत पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो फाडू दिला नाही. तो फाटला तर साताऱ्याच्या पावसात गाडीत तळं साचायचं!

अ‍ॅम्प्लिफायरला मी एवढी का भिते, तेही सांगते. माझ्या धाकट्या दिरांनी गेल्या वर्षी तो बसवून घेतला. दुकानदारानं जाड वायर थेट बॅटरीला जोडली, मध्ये फ्यूजच नाही. वायर पत्र्यावर घासून घासून सोलवटली आणि एका संध्याकाळी बॉनेटमधून धूर! मागच्या सीटवर दोन्ही मुलं होती. भावजींनी गाडी थांबवून आधी मुलांना उतरवलं, मग पान्यानं बॅटरीची वायर सोडवली. जाऊबाईंचे हात रात्रीपर्यंत कापत होते. तुमच्याकडे कुणी अ‍ॅम्प्लिफायर बसवणारच असेल, तर बॅटरीपासून फार तर दीड फुटावर फ्यूज आहे ना, हे बॉनेट उघडून स्वतः बघा. वायर पत्र्यातून आत जाते तिथे रबराची कडी हवी. अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळलेली हवी. वीज नेणारी वायर आणि आवाजाची वायर गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्यायच्या. नाहीतर इंजिनाची शिट्टी गाण्यात येते.

परवा पुण्याला निघालो. घाटात सासूबाई पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकल्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, जरा कमी कर की. मी काय बहिरी आहे?"

ह्यांचं अजून ‘दिवाळीला बघू’ चाललंय. दुकानाचं कार्ड त्यांच्या पाकिटात आहे, हे मला ठाऊक आहे. वॉकर कुठे ठेवायचा, याचं उत्तर काही त्यांनी अजून दिलेलं नाही.