निरोगी डोळा कशाला बघायचा?

आमच्या मोतीचे डोळे म्हातारपणी निळसर, धुरकट झाले. आम्ही म्हटलं, मोतीबिंदू असेल, वय झालं! जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो. इथे बाहेरच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, पाणी शिरलंय." मोती जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

परवा पशुवैद्यकीय शिकणाऱ्या नातीने कुत्र्याच्या कॉर्नियाची चित्रं दाखवली. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने घेतलेली. मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. बारीक छिद्रातून एकाच खोलीवरचा प्रकाश घ्यायचा, बाकीचा अडवायचा. त्यामुळे पडदा न कापता जिवंत डोळ्याचा एकेक थर दिसतो. वर पेशींची फरशी, मध्ये दोऱ्यांसारख्या नसा आणि सर्वांत आत मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी पेशींचा एकच थर. हाच थर पाणी बाहेर उपसतो, म्हणून पडदा स्वच्छ राहतो. मोठ्या कुत्र्यात या पेशी जवळजवळ नव्याने होत नाहीत. एक गेली की शेजारणी पसरून जागा भरतात. फारच कमी उरल्या की पाणी साचतं. आमच्या मोतीचं तसंच झालं असणार.

मी विचारलं, "या कुत्र्याला काय झालं होतं?"

"काही नाही आजोबा, ठणठणीत होता."

"मग गुंगी देऊन उगाच त्रास कशाला दिला त्याला?"

ती म्हणाली, "चांगलं कसं दिसतं ते माहीत नसेल तर बिघडलेलं ओळखायचं कसं?"

मी गप्प झालो. माझ्या वर्गात नापास होणारी आणि खोड्या काढणारी मुलं मला तोंडपाठ असत. मधल्या बाकावरची एक शांत मुलगी हळूहळू शाळेत येईनाशी झाली. घरचे विचारायला आले, "तिच्यात काही बदल जाणवला का?" मला सांगता आलं नाही. आधी ती कशी होती, हेच मी कधी पाहिलं नव्हतं.

निरोगी डोळ्यावरचं संशोधन म्हणजे पैशांची उधळपट्टी, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आता वाटत नाही. डोळा न दुखावता, थोड्या गुंगीत हे होत असेल तर जरूर व्हावं. आणि आपल्या घरचं कुत्रं धडधाकट असतानाच एकदा त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

मोतीचे आम्ही घेतले नव्हते.