मदत पुरानंतर, हिशेब पावसाआधी

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले. लोकल बंद पडल्या. नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्सप्रेसमधून प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढले. वसईच्या मिठागरांत शेकडो माणसे अडकली, वीज गेली. पाणी ओसरले आणि चर्चाही ओसरली. प्रश्न मात्र तिथेच आहेत.

मी फुलपाड्यात राहतो. आमच्या पूर्वेला डोंगर आणि पापडखिंड धरण, पश्चिमेला सखल जमीन, मिठागरे आणि खाडी. डोंगरावरचे पाणी खाडीकडेच जाणार. पण भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही, तेव्हा त्याला थांबायला जागा लागते. भातशेती, तळी आणि मिठागरे ही ती जागा होती. तिथे भराव पडला, इमारती आणि चाळी उठल्या. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. पाऊस कुदरतीचा आहे, पण पाण्याची वाट माणसांनी अडवली आहे.

शासनासाठी पहिला धडा असा की अहवाल कपाटात ठेवण्यासाठी नसतो. २०१८ च्या पुरानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेण्यात आला. पावसाचे पाणी काही काळ साठवणारे धारण तलाव हा त्यांनी सुचवलेल्या उपायांपैकी एक. कोणता तलाव कुठे झाला, कोणता राहिला आणि का, हे महापालिकेने दर वर्षी मे महिन्यात प्रभागवार जाहीर करावे.

दुसरा धडा इर्शाळवाडीचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा ही वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. म्हणून यादी करताना तिथे राहणाऱ्यांनाही विचारले पाहिजे. तिसरा धडा अनधिकृत बांधकामांचा. स्वस्त घर शोधणारा गरीब माणूस शेवटी बेघर होतो. बांधणारा, विकणारा आणि डोळेझाक करणारा मोकळा राहतो. कारवाई त्यांच्यापासून सुरू व्हावी.

आता आपल्याबद्दल. संकटात आपले तरुण मागे राहत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते दूध, पाणी, खिचडी पोहोचवतात आणि कोणाच्या दारात जातोय हे विचारत नाहीत. ही खिदमत मोठीच आहे. पण ती पुरानंतरची आहे. पुराआधीचे काम आपण इतरांवर सोडतो आणि नंतर 'अल्लाहची मर्जी' म्हणतो. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल करायचा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. ती नाल्यालाही लागू आहे.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्यातील दहा तरुणांनी एवढे करावे. तळमजल्यावरचे वृद्ध, गरोदर स्त्रिया, अपंग आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण यांची यादी करावी. त्यात सगळ्या धर्मांची घरे असावीत. पाणी भरल्यावर कोणाला कुठल्या वरच्या मजल्यावर न्यायचे, हे आधीच ठरवावे. मे महिन्यात नाल्यांचे फोटो तारखेसह काढून प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. आपला कचरा नाल्यात जाणार नाही, हेही पाहावे. घर घेण्यापूर्वी बांधकाम परवानगी तपासावी.

आणि एक कायदा लक्षात ठेवावा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ नुसार भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. पंचनाम्यात नाव राहिले तर याचना करू नका, हक्काने अर्ज करा. शेजाऱ्याचे राहिले असेल तर त्याचाही अर्ज लिहून द्या.

पूर दार ठोठावताना नाव विचारत नाही. पुढच्या पावसाआधी आपणही न विचारता शेजाऱ्याचे दार ठोठावूया.