आधी ब्रेक, मग पॉवर!

ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग घेताना गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘पॉवर किती?’ दुसराही ठरलेला. ‘झिरो टू हंड्रेड किती सेकंदांत?’ मग कुणीतरी मोबाइल काढतो, पोर्शेचा नाहीतर बीएमडब्ल्यू एम थ्रीचा एखादा व्हिडिओ लावतो आणि चहा गार होईपर्यंत सगळे जर्मनीत! तिसरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. ‘हंड्रेड टू झिरो किती मीटरमध्ये?’

तर बॉस, आजचा कॉलम त्या तिसऱ्या प्रश्नाचा. कारण जर्मन लोकांनी ट्यूनिंग नावाचा जो भन्नाट उद्योग उभा केला ना, त्याचं खरं सीक्रेट तिथेच आहे.

गॅरेजवाल्यांची गोष्ट

आज ज्या नावांवर आपण फिदा आहोत, ती बरीचशी छोट्या वर्कशॉपमधून आली आहेत. १९६७ साली हान्स वेर्नर आउफरेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर या दोन इंजिनिअर्सनी स्वतःचं दुकान थाटलं. आउफरेख्टचा ए, मेल्शरचा एम आणि आउफरेख्टच्या ग्रोसआस्पाख गावाचा जी. झालं एएमजी! १९७१ साली या मंडळींनी मर्सिडीजची एक अगडबंब सलून गाडी बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या रेसमध्ये उतरवली. लाल रंगाची, ६.८ लिटर इंजिनाची. लोक हसले असतील, पण गाडी आली दुसरी! आजही तिला लाडाने ‘लाल डुकरीण’ म्हणतात.

त्याच्याही आधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, बुर्कार्ड बोव्हनझिपनने बीएमडब्ल्यू १५००साठी डबल कार्ब्युरेटरचा सेट बनवला होता. घरचा धंदा टाइपरायटरचा, डोक्यात मात्र गाड्या. काम इतकं चोख होतं, की १९६४ मध्ये बीएमडब्ल्यूने त्याला मान्यता दिली आणि हा सेट बसवला तरी कंपनीची वॉरंटी कायम राहील असं सांगितलं. ही झाली अल्पिनाची सुरुवात. आज आपल्याकडे गाडीत बाहेरून एक हॉर्न लावला तरी सर्व्हिस सेंटरवाले भुवया उंचावतात. त्यावरून अंदाज करा!

आणि तिसरा माझा फेव्हरिट, रूफ. बव्हेरियातल्या फाफेनहाउझेन या छोट्याशा गावातला. हा माणूस पोर्शे ट्यून करतो म्हणणं चूक, कारण १९८१ पासून जर्मन सरकारच्या लेखी रूफ ही स्वतंत्र गाडी बनवणारी कंपनी आहे. १९८७ मध्ये त्यांनी पिवळीधमक सीटीआर आणली. ४६९ हॉर्सपॉवर! त्या वर्षी फोक्सवॅगनच्या एरा-लेसिन टेस्ट ट्रॅकवर अमेरिकेच्या ‘रोड अँड ट्रॅक’ मासिकाने जगातल्या वेगवान गाड्या एकत्र आणल्या, तेव्हा ही ताशी ३३९ किलोमीटरने पळाली. बाकी सगळ्या मागे.

आता गंमत बघा. रूफने फक्त इंजिन फुगवलं नव्हतं. पोर्शेच्या टर्बोला तेव्हा चारच गिअर होते, म्हणून पाच गिअरचा स्वतःचा गिअरबॉक्स बनवला. वारा कमी अडावा म्हणून रुंद बॉडीऐवजी अरुंद बॉडी घेतली, छतावरच्या पावसाच्या पन्हाळ्यासुद्धा काढून टाकल्या. आणि ब्रेक बदलले, मोठे घातले. फंडा सोपा आहे. वेग वाढवायचा, तर आधी तो पेलणारी आणि थांबवणारी गाडी तयार करायची.

लॅपटॉप लावला की झालं?

हल्ली ट्यूनिंग म्हटलं की वर्कशॉपच्या ग्रीसऐवजी लॅपटॉप दिसतो. गाडीच्या इंजिनाचा एक कॉम्प्युटर असतो, ईसीयू. टर्बोने किती दाबाने हवा ढकलायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं त्यातल्या तक्त्यांवर ठरतं. ट्यूनर हे तक्ते बदलतो, यालाच रीमॅप म्हणतात. टर्बो इंजिन असेल तर वीस-पंचवीस टक्के ताकद एका दुपारी वाढू शकते. टर्बो नसेल तर पैसे बऱ्यापैकी वाया, कारण तिथे जादा हवा ढकलणारं कुणी नसतं.

पण ही ताकद फुकट येत नाही. दाब वाढला की उष्णता वाढते. पेट्रोलचं ऑक्टेन कमी पडलं, तर ते ठिणगीची ज्योत पोहोचायची वाट न बघता स्वतःच पेटायला लागतं आणि पिस्टनवर अक्षरशः हातोडे पडतात. जर्मनीत पंपावर ९८ ऑक्टेन सहज मिळतं, त्यामुळे तिथला मॅप जसाच्या तसा आपल्या गाडीत ओतणं हा शुद्ध वेडेपणा आहे. शिवाय क्लच आणि गिअरबॉक्सचीही एक मर्यादा असते. आपल्या चाकणला बनलेली पोलो जीटी आठवते? टर्बो पेट्रोलवाली? २०२२ मध्ये पोलो बंद झाली, पण आपल्या रस्त्यांवर ती अजून दिमाखात फिरते. तिचा सात गिअरचा ड्राय क्लच गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. मॅपवाल्याने त्याच्या जवळ नेऊन ठेवलं, की पुढच्या बिलाची तयारी तुम्ही करायची.

हंड्रेड टू झिरो

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचं आहे. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. चांगली स्पोर्ट्स कार ताशी १०० वरून सुमारे ३५ मीटरमध्ये थांबते. तीच २०० वर असेल तर १४० मीटर लागतात. त्यात तुमचा मेंदू जागा होऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवा. १०० च्या वेगात तेवढ्यात २८ मीटर गेलेले असतात, २०० च्या वेगात ५६. म्हणजे १०० ला तीन क्रिकेट पिचेस, आणि २०० ला जवळजवळ दहा! एकापुढे एक लावलेले.

हे दहा पिचेस कमी करणारा कुठलाही चिप-मॅप बाजारात मिळत नाही. टायर मिळतात, कारण प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो आणि अख्खी गाडी त्या चार तळहातांवर तोललेली असते. ब्रेक पॅड मिळतात. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट मिळते, ती म्हणजे ब्रेक ऑइल. नवं डॉट फोर ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. घाट उतरताना किंवा ट्रॅकवर ते उकळलं, की पाइपात वाफ तयार होते. मग पेडल दाबाल तर थेट तळाला. समोर वळण, आणि गाडी तशीच! म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. पोलो असो की पोर्शे.

घाबरलात तर संपलात

गाडी ट्यून झाली. ड्रायव्हरचं काय? १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो घ्या. पॉवर २६०, आजच्या हिशेबात फार नाही. २०२० ची टर्बो एस ६५० ची आहे! पण जुनीचं टोपणनाव ‘विडोमेकर’, म्हणजे बायकोला विधवा करणारी. का? इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणात वेग जास्त वाटला, की कुणाचाही पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. पाय उठला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि घड्याळाच्या लंबकासारखी गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. वर टर्बो असा, की दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग भर वळणात सगळी ताकद एकदम! इथे उपाय एकच, शिकणं. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. आत शिरल्यावर पाय स्थिर. बाहेर पडताना हळूहळू ताकद. ऐकायला पाच सेकंद लागतात, पायात उतरायला वर्षं.

हे शिकण्याचं विद्यापीठ म्हणजे न्यूर्बर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ. १९२७ साली सुरू झालेला, जंगलातून जाणारा, २०.८ किलोमीटरचा. १९७६ मध्ये निकी लाउडा इथेच जळता जळता वाचला आणि त्यानंतर फॉर्म्युला वन इथे परतलं नाही. पण ठरावीक दिवशी पैसे भरून तुम्ही-आम्ही तिथे आपली गाडी नेऊ शकतो. वाटतं ना, मग काय, धिंगाणाच? अजिबात नाही. तिथे रहदारीचे नियम लागू असतात, ओव्हरटेक फक्त डावीकडून, लॅप टाइम मोजायला बंदी. रेलिंगला ठोकलीत, तर रेलिंगचं बिल तुमच्या नावावर.

शिक्का आणि शिक्षा

जर्मनीत सस्पेन्शन, एक्झॉस्ट, चाकं, इंजिनाची ताकद, यातलं काहीही बदललं तर बहुतेक वेळा ट्यूफसारख्या अधिकृत तपासणी संस्थेचा शिक्का लागतो. शिक्का नाही, तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. आणि रस्त्यावर मस्ती केली तर? फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या भरवस्तीत दोघांनी रात्री रेस लावली. एक ऑडी, एक एएमजी मर्सिडीज. लाल सिग्नल तोडत निघाले आणि ६९ वर्षांचा एक माणूस आपल्या गाडीत जागीच गेला. धडक देणाऱ्याला खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दरम्यान २०१७ मध्ये कायदाही बदलला. आता तिथे रस्त्यावरची रेस हाच गुन्हा आहे, अगदी एकट्याने लावली तरी.

आपल्याला बर्लिनपर्यंत जायची गरज नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. १९ मे २०२४ ची रात्र, पुण्याचं कल्याणीनगर. पोर्शे टायकानच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन आयटी इंजिनिअर गेले. दोघेही चोवीस वर्षांचे. तुमच्या-माझ्यासारखेच, वीकेंडला मित्रांना भेटून निघालेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. ती गाडी कुणी ट्यून केलेली नव्हती. तिला गरजच नव्हती. शोरूममधून निघतानाच तिच्यात इतकी ताकद असते, की ती वापरायची कशी हे शिकणं ही चैन राहत नाही.

जाता जाता...

९११ तुमच्याकडे नसेल. काळजी नको, माझ्याकडेही नाही! पण जी आहे तिच्यासाठी हा क्रम लिहून ठेवा. पहिले पैसे टायर आणि ब्रेक ऑइलवर. दुसरे ट्रॅकवरच्या एखाद्या ट्रेनिंगवर. चेन्नईला, कोइमतूरला, ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत आणि मित्रांनी मिळून गेलं तर गोव्याच्या ट्रिपपेक्षा जाम जास्त धमाल येते. रीमॅपचा नंबर सगळ्यात शेवटी. तोही मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून, कारण कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करायला आपला कायदा परवानगी देत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं आहे.

आणि पुढच्या वेळी टपरीवर कुणी ‘पॉवर किती?’ म्हटलं, की चहाचा घोट घ्या आणि विचारा, ‘ब्रेक ऑइल कधी बदललंस रे?’

गप्प बसला, तर त्याच्या गाडीत बसू नका!