चित्र झकास, आवाज भकास!

टीव्ही घ्यायला शोरूममध्ये गेलेला माणूस कधी निरखून बघितलाय? तो आधी लांबून बघतो, मग जवळ जाऊन बघतो, मग जरा तिरका उभा राहून बघतो. फोर-के आहे का, एचडीआर आहे का, किती हर्ट्झ, ईएमआय किती महिन्यांचा... सगळं विचारतो. सेल्समन भिंतीएवढ्या स्क्रीनवर रंगीत पोपट दाखवतो. पोपटाचं पीस न् पीस मोजता येतं. डील डन! पण बॉस, त्या पोपटाचा आवाज कुणी ऐकलाय? शोरूममधले सगळे टीव्ही म्यूटवर असतात आणि दुकानात वाजत असतं एफएम. थोडक्यात, ज्या वस्तूसमोर आपण पुढची सात-आठ वर्षं कान देऊन बसणार, ती आपण न ऐकताच घरी आणतो.

मग शुक्रवारची रात्र उजाडते. नवी वेब सिरीज, समोर बिर्याणी. हिरो हिरॉइनच्या कानात काहीतरी महत्त्वाचं कुजबुजतो. काय म्हणाला? रिवाइंड. आवाज अठरावरून तीसवर. तरी काय म्हणाला? पस्तीस. आणि तेवढ्यात गाडीचा स्फोट! आतल्या खोलीतलं बाळ उठतं, शेजारच्या काकू भिंतीवर ठकठक करतात. शेवटी आपण सबटायटल्स लावतो आणि टीव्ही चक्क वाचायला लागतो. मराठी घर, मराठी सिनेमा आणि खाली इंग्लिश सबटायटल्स. धन्य!

यात तुमच्या कानांचा दोष कमी आणि टीव्हीच्या बारीक कमरेचा जास्त. फंडा समजून घ्या. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी आजच्या लाउडस्पीकरचं रूप जगापुढे मांडलं. एक लोहचुंबक, एक तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला शंकू. वेटोळं हललं की शंकू हलतो, शंकू हलला की हवा हलते आणि हवा हलली की आपल्याला ऐकू येतं. शंभर वर्षं झाली, गोष्ट तीच आहे. चित्र मात्र काचेच्या ट्यूबमधून बाहेर पडलं आणि प्लाझ्मा, एलसीडी, ओलेड करत करत पुठ्ठ्याइतकं पातळ झालं. आवाजाला अजूनही हवाच हलवावी लागते, आणि हवा हलवायला जागा लागते. त्यातही खर्जातला आवाज फार हावरट. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर शंकूला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. बोटभर जाडीच्या टीव्हीत त्याने हलायचं कुठे?

आपल्या लहानपणचे डबा टीव्ही आठवा. दीड-दोन फूट खोल पेटारा, वर आईने घातलेलं क्रोशाचं कव्हर. पिक्चर ट्यूबसाठी ठेवलेली ती खोली स्पीकरलाही आयती मिळायची, आणि स्पीकर असायचा पुढे, तुमच्या तोंडाकडे बघत. व्हिडिओकॉनच्या ‘बझूम्बा’च्या तर नावातच बास होता! तो आवाज काही हायफाय नव्हता. पण बातम्या देणारा काय बोलतोय ते स्वयंपाकघरापर्यंत कळायचं.

आता कडा बारीक हव्यात म्हणून पुढे स्पीकरला जागाच उरली नाही. तो एकतर खाली जमिनीकडे तोंड करून बसतो, नाहीतर मागे भिंतीकडे. आणि इथेच गेम होतो. जाड आवाज वळणं घेत सगळीकडे पसरतात. बारीक, उंच पट्टीतले आवाज टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, फ, थ ही मंडळी वरच्या पट्टीतली. ती भिंतीवर आपटून, पडद्यात मुरून आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा अर्धमेली झालेली असतात. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाहीत. ‘साठ हजार’मधला ‘स’ गळला की उरतात आठ हजार. त्यात पंखा पाचवर, खाली गुळगुळीत टाइल्स आणि आत कुकरची शिट्टी!

दुसरी भानगड मिक्सिंगची. सिनेमाचा साउंड मुळात थिएटरसाठी बनतो. ५.१ मध्ये संवादांना मधला एक स्पीकर जवळजवळ राखीव असतो. घरच्या टीव्हीत स्पीकर दोनच. मग संवाद, पार्श्वसंगीत, पाऊस, गोळीबार असे सगळे सहा डब्यांचे प्रवासी दोन डब्यांत कोंबले जातात. चेंगरतो कोण? अर्थातच हळू बोलणारा.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नाही. २०१७ मध्ये एलजीने भिंतीला कागदासारखा चिकटणारा ६५ इंची टीव्ही आणला, जाडी २.५७ मिलिमीटर. त्यांनी स्पीकर त्यातून सरळ बाहेर काढले आणि सोबत वेगळा साउंडबार दिला. त्याच वर्षी सोनीने ए-वन हा ओलेड टीव्ही आणला. त्यात स्क्रीनच थरथरते आणि आवाज थेट चित्रातून येतो. म्हणजे उपाय आहेत, पण महागड्या मॉडेल्समध्ये. आपल्या बजेटमधल्या टीव्हीवर दहा-दहा वॉटचे दोन स्पीकर, जमिनीकडे बघत, गप्प.

हे सगळं मी खोदून काढलं त्याला कारण आमचे बाबा. दादाने दिवाळीला ५५ इंची टीव्ही घेतला. आठवडाभर बाबा मालिका बघताना विचारायचे, “काय म्हणाली रे ती?” मग दादा सांगायचा. मग दादा वैतागून सांगायचा. मग बाबांनी विचारणंच सोडलं. जेवण झालं की ते गॅलरीत जाऊन बसायला लागले, मांडीवर त्यांचा जुना ट्रान्झिस्टर. दादाने निकाल दिला, “बाबांचे कान गेले.” पण मला एक कोडं सुटेना. आकाशवाणीच्या बातम्या ते अगदी हळू आवाजात ऐकत होते, आणि नंतर मला अथपासून इतिपर्यंत सांगतही होते. कान गेले, मग ते फक्त टीव्हीपुरतेच कसे गेले?

आम्ही त्यांची ऑडिओमेट्री करून घेतली. वयामानाने वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं उतरलंय, मशीनची गरज सध्या नाही, असं निघालं. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी व्हायला लागतात. आणि भिंतीकडे तोंड करणारा टीव्ही नेमके तेच आवाज खातो. डबल मार! ट्रान्झिस्टरचा स्पीकर इवलासा, पण तो बाबांच्या समोर, हातभर अंतरावर, आणि त्यात फक्त माणसाचा आवाज. इतका साधा फरक.

मग आम्ही काय केलं, आणि तुम्ही काय करू शकता? आधी फुकटातले उपाय. साउंड सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’, ‘स्पीच’ किंवा ‘डायलॉग’ असं काही असेल तर ते लावा. बास वाढवू नका, तो शब्दांवर बसतो. ‘नाइट मोड’ असेल तर स्फोट आणि कुजबुज यांतलं अंतर कमी होतं. ओटीटीवर ऑडिओच्या यादीत ५.१ च्या जोडीला साधा स्टिरिओ असेल तर तो निवडून बघा. टीव्ही फर्निचरच्या खोल कोनाड्यात कोंबू नका. समोर जाड पडदा किंवा खाली सतरंजी असली तरी घुमणं कमी होतं.

मग खर्चाचे. टीव्हीच्या मागे ‘एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआय सॉकेट बघा. २००९ नंतर आलेली ही सोय, एका वायरीत टीव्हीचा आवाज बाहेर नेते. त्यावर साउंडबार लावा. संवादासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला मिळाला तर उत्तम. ब्लूटूथवर काही वेळा ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, म्हणून वायरच बरी. वॉटच्या आकड्याला भुलू नका. टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॉट ‘पीएमपीओ’ छापलेलं आठवतं ना? त्या आकड्याला कसलंच प्रमाण नव्हतं. आरएमएस विचारा. आणि दुकानात गाणं लावू नका, गाणी सगळीकडेच बरी वाजतात. बातम्या लावा, आवाज कमी ठेवा, डोळे मिटा. शब्द कळले तर घ्या.

आमच्याकडे माळ्यावर पडलेली जुनी म्युझिक सिस्टीम कामाला आली. शे-पाचशेचा एक कन्व्हर्टर, एक वायर, आणि दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, बाबांच्या कानांच्या उंचीवर, तोंड त्यांच्याकडे. दिसायला अजिबात कूल नाही, वहिनीला तर डोळ्यासमोर नको झालंय! पण आवाज पस्तीसवरून चौदावर आला. आणि बाबा आता मालिकेतल्या सासूला मोठ्याने उत्तरं देतात.

आपली पिढी सुटते हो. आपल्याकडे इअरफोन आहेत, सबटायटल्स आहेत, रिवाइंड आहे. पण घरातल्या मोठ्यांसाठी टीव्ही म्हणजे संध्याकाळची कंपनी असते. शब्द कळेनासे झाले की ते भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत, हळूच उठून जातात. आपल्याला वाटतं, त्यांना आता टीव्हीत इंटरेस्ट राहिला नाही. कान तपासून घ्या, ते तर कराच. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा जवळच्या ईएनटीकडे जा. पण त्याआधी टीव्हीच्या मागे एकदा हात घालून बघा, स्पीकरचं तोंड कुठे आहे ते. आणि या वीकेंडला घरी कुणी विचारलं, “काय म्हणाला रे तो?”, तर न वैतागता सांगा. विचारतायत तोवर ते आपल्याबरोबर टीव्ही बघतायत.