पत्त्याचा रकाना

जळगाव स्थानकाबाहेर पौषातल्या पहाटे केळीच्या सुकल्या पानांवर निजलेला एखादा इसम काठीच्या टोकाने उठवला जातो, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मनातला निकाल आधीच लागलेला असतो, की व्यसनापायी याचे घर गेले. पुष्कळदा क्रम नेमका उलटा असतो. जिनिंगचा हंगाम सरतो, मजुरी थांबते, भाड्याची खोली सुटते, आणि मग उघड्यावरची थंडी, डास व चोर यांच्यापासून सुटका म्हणून प्रथम दारू आणि पुढे ती गोळी येते, जिला धुळे-मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. वास्तविक ते अल्प्राझोलाम, चिंताग्रस्त रुग्णाला वैद्याने जपून द्यावयाचे औषध. धुळ्याच्या बसस्थानकामागे पोत्यावर बसलेल्या एकाला मी ती का घेतोस असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, गोयी नही खादी ते झोप येत नही.” यावर उपदेश करण्याचा धीर मला झाला नाही.

कायदा या माणसाला विसरलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनजन्य विकारांस मानसिक आजारांत स्थान दिले असून, निराधार व बेघर व्यक्तींस, दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी, विनामूल्य उपचारांचा हक्क दिला आहे. परंतु कायद्याचे कलम आणि दवाखान्याची खिडकी यांच्यामध्ये एक छापील अर्ज असतो, त्यात पत्त्याचा रकाना असतो, खाली नातलगाची सही लागते. आणि तेथून परतलेला माणूस रात्री निवारा शोधू लागला, तर नशेत असलेल्यास प्रवेश नाही असे उत्तर मिळते. उपचाराला घर हवे आणि घराला शुद्ध, असा हा पेच आहे.

करदात्याच्या पैशावर नशेबाज का पोसावेत, असा आक्षेप येतो. पण ते आजही पोसले जातातच. फक्त खर्च सरकारी इस्पितळाच्या, पोलिसांच्या आणि तुरुंगाच्या दप्तरी पडतो. शहरी बेघरांच्या सरकारी योजनेचे प्रमाण लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा असे ठरवलेले होते. २०११ च्या जनगणनेत जळगावची वस्ती साडेचार लाखांवर व धुळ्याची पावणेचार लाख होती, म्हणजे जळगावास निदान चार आणि धुळ्यास तीन. दोन्ही महापालिकांनी या हिशेबाने तजवीज करावी, नशा उतरण्याची अट दाराबाहेर न लावता आत आल्यावर उपचाराची सोय करावी, आणि निवाऱ्याचाच पत्ता अर्जावर ग्राह्य धरवून घ्यावा. हे दिवाळीपूर्वी व्हावे. खानदेशात त्यानंतर थंडी फार वेळ लावत नाही.