दुसऱ्या भिडूचा इतिहास

#थ्रेड

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये वाढलेल्या कोणालाही 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'बद्दल विचारले, तर बहुधा कोरा चेहरा पाहायला मिळेल. 'मुस्तफा' म्हटले की मात्र तोच चेहरा उजळतो. खेळ एकच आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. मूळ कथा मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकी चित्रकथेतली, आणि पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो हा खेळातल्या निवडता येणाऱ्या चार पात्रांपैकी एक. भारतीय उपखंडातल्या मुलांनी कंपनीचे नाव बाजूला सारले आणि खेळाला आपल्या आवडत्या गड्याचे नाव देऊन टाकले.

या नामांतराकडे इतिहासाच्या अभ्यासकाने गंमत म्हणून पाहून पुढे जाऊ नये. त्या यंत्रावर एकाच वेळी तिघे खेळू शकत, त्यामुळे 'मुस्तफा कोण घेणार' हे टोकन टाकण्याआधीच ठरवावे लागे. त्यासाठी भांडण होई, पाळ्या लागत, रुसवे-फुगवे होत. खेळाचे नाव पडले ते या वाटाघाटीतून.

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुतेकदा यंत्रांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणता प्रोसेसर, किती बिट, कोणाची किती विक्री, कोण बुडाले, कोण तरले. या सगळ्या कथनात शेजारी बसलेला दुसरा खेळाडू कुठेच नसतो. वस्तुतः आरंभापासून तो तिथेच होता.

१९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. त्याचे नावच 'टेनिस फॉर टू'. पाहुण्यांनी त्यापुढे रांगा लावल्या.

१९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रमंडळींनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' पूर्णत्वास नेला. दोन अवकाशयाने, दोन खेळाडू. सुरुवातीला संगणकावरचीच बटणे वापरून खेळावे लागे. त्यात एकाला पडदा समोर दिसे आणि दुसऱ्याला बाजूला बसून मान वाकडी करावी लागे. हा तर उघड रडीचा डाव! तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी रेल्वे-प्रतिकृतींच्या छांदिष्ट मंडळातले सुटे भाग जोडून दोघांसाठी दोन वेगळ्या पेट्या बनवल्या. व्हिडिओ गेमसाठी खास घडवलेल्या अगदी आरंभीच्या नियंत्रकांमध्ये त्यांची गणना होते, आणि त्यांच्या जन्मामागे एक साधी गरज होती: मित्रावर अन्याय होऊ नये.

१९७२ चा 'पाँग'ही दोघांचाच. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, आज्ञावली नव्हती. नुसती इलेक्ट्रॉनिक मंडले होती. समोर खेळायला माणूसच हवा होता, कारण खेळाडूला टक्कर देणारा प्रतिस्पर्धी त्या मंडलांतून उभा करणे सोपे नव्हते. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'पर्यंत प्रोसेसर आले आणि एकटा माणूस विरुद्ध यंत्र हा सामना रुळला. म्हणजे 'खोलीत एकटाच पडद्याला चिकटून बसलेला मुलगा' ही जी प्रतिमा वडीलधारे डोळ्यांसमोर आणतात, ती या खेळांच्या मूळ प्रकृतीची नव्हे. एकटेपणाची मोठी लाट नंतर आली. जोडी आधीची.

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडोचा 'फॅमिकॉम' विक्रीस आला, तेव्हा त्याला दोन कंट्रोलर कायमचे जोडलेले होते. दुसरा वेगळा विकत घ्यावा लागत नसे. मात्र दोघांत एक गमतीचा भेद होता. 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणे केवळ पहिल्यावर, तर दुसऱ्यावर त्यांच्या जागी एक लहानसा मायक्रोफोन. खेळ सुरू करण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार थोरल्याकडे, धाकट्याने नुसते ओरडावे. भावंडांतल्या सत्तेचे इतके नेमके चित्रण क्वचितच एखाद्या यंत्रात झाले असेल.

भारतात फॅमिकॉम आला तो बहुतांशी नकलेच्या रूपात. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांतून निघालेल्या या नकला रशियात 'डेंडी' या नावाने घराघरांत पोहोचल्या. आपल्याकडे त्यांची नावे इतकी होती की शेवटी 'टीव्ही गेम' हेच नाव उरले. कार्ट्रिजला सर्रास 'कॅसेट' म्हणत. तिच्यावर '९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत तेच दहा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. चालली नाही की फुंकर मारायची. या मैत्रीचा पाया कायद्याच्या भाषेत चोरीच्या मालावर उभा होता, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. अस्सल यंत्र मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात असते, तर ही कथा वेगळी लिहावी लागली असती.

टंचाईचा परिणाम असा झाला की, ज्याच्या घरी गेम त्याच्या घरी गल्ली. कंट्रोलर दोन, पोरे सहा. मग विटीदांडू-लगोरीतले नियम जसेच्या तसे पडद्यासमोर आले: जीव गेला की कंट्रोलर द्यायचा, हरणारा उठणार, ज्याचे घर त्याला एक डाव जास्त. आणि अगदी लहान भावंडाला जुन्या रिवाजाप्रमाणे लिंबूटिंबू करून, वायर न जोडलेला कंट्रोलर हातात द्यायचा. ते बिचारे तासभर बटणे दाबत आपणच खेळतो आहोत या आनंदात असे.

'कॉन्ट्रा'ची गोष्ट इथे थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. कोनामीचा हा खेळ १९८७ मध्ये पार्लरच्या यंत्रांवर आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रांवर आला. त्यातल्या धबधब्याच्या टप्प्यात पडदा वर सरकत जातो. पुढचा भिडू घाईने उड्या मारत वर गेला की मागचा पडद्याच्या खालच्या कडेला सापडतो आणि मरतो. शत्रूच्या गोळीने नव्हे, मित्राच्या उतावळेपणाने! दुसरीकडे, स्वतःचे सारे जीव संपले तर जोडीदाराच्या शिल्लक जिवांतून एक घेऊन परत उभे राहता येई. थांबायचे कोणासाठी आणि आपल्यातले किती द्यायचे, हे दोन प्रश्न त्या खेळाने आठ-दहा वर्षांच्या मुलांपुढे टाकले. 'माझा जीव का घेतलास?' हे वाक्य किती घरांत ऐकू गेले असेल, याची मोजदाद नाही.

त्याच खेळात ३० जीव मिळवून देणारी गुप्त बटणांची मालिका होती. मूळची ती काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' फॅमिकॉमवर आणताना तपासणीच्या वेळी तो फार कठीण जाऊ लागला, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या सोयीसाठी घातली आणि ती तशीच राहून गेली. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, आणि मग स्टार्ट. दोघांना खेळायचे असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. इंटरनेट नसलेल्या काळात हे ज्ञान शाळेच्या मधल्या सुट्टीत, बसच्या मागच्या बाकावर, उन्हाळ्यात मामाच्या गावी आलेल्या आतेभावाकडून मिळे. त्यासाठी फुशारकी सहन करावी लागे. हाशिमोतो २०२० मध्ये वारले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली ती मुख्यतः या एका मालिकेसाठी.

पुढचा टप्पा सायबर कॅफेचा. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून 'काउंटर-स्ट्राइक' घडवला. तासाच्या हिशेबाने संगणक भाड्याने देणाऱ्या दुकानांत तो वणव्यासारखा पसरला. दहा संगणक एका तारेने जोडलेले, सर्व्हर त्याच खोलीत, आणि प्रतिपक्षाला द्यायची शिवी खुर्चीवरून मान वळवून थेट देण्याची सोय. २०११ च्या केंद्रीय नियमांनी कॅफेचालकांवर ओळखपत्र तपासण्याची आणि आल्या-गेल्याच्या नोंदी वर्षभर ठेवण्याची सक्ती केली. त्या वह्यांत नाव आणि वेळ असे. कोण कोणाच्या गटात होता, हे अर्थातच नसे.

इथवर वाचून 'खरी मैत्री तेव्हाचीच' असे उसासे टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. पार्लर आणि कॅफे ही बव्हंशी मुलग्यांची मक्तेदारी होती. मुली तिथे क्वचित दिसत, आणि दिसल्याच तर सगळ्या नजरा त्यांच्याकडे वळत. ज्याच्या खिशात टोकनाचे पैसे नसत, तो मागे उभा राहून फक्त सूचना करी. गावाकडे तर तेही नव्हते. स्वस्त डेटाने आणि मोबाइलने ही दारे पुष्कळ प्रमाणात उघडली, हे स्मरणरंजनात बुडालेली पिढी सोयीस्करपणे विसरते.

'पबजी मोबाइल' मार्च २०१८ मध्ये जगभर आला. शंभर जण एका बेटावर उतरतात, पण भारतात तो खेळला गेला मुख्यतः चौघांच्या गटात. पडलेल्या साथीदाराला गोळीबार चालू असताना जवळ जाऊन उठवावे लागते. 'कॉन्ट्रा'तल्या उसन्या जिवाचाच हा नातू! २०१९ मध्ये मुंबईतील एका ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने या खेळावर बंदीसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्याच वर्षी राजकोटमध्ये पोलिसांनी बंदी मोडून तो खेळल्याबद्दल तरुणांना अटकही केली. पण वर्षभरातच टाळेबंदी आली, आणि बंद घरांत अडकलेल्या असंख्य मित्रांसाठी रात्रीची ती चौकडी हाच कट्टा ठरला. शत्रू दिसेपर्यंतच्या निवांत वेळात परीक्षा, पगारकपात आणि आजारी आजोबा यांविषयी बोलणे होई. खेळ हे निमित्त होते.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा पूर्णपणे थांबली. पुढे जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. बंदीची कारणे सुरक्षेची आणि परराष्ट्र संबंधांची होती. त्यांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. इथे मुद्दा निराळा आहे. एका रात्रीत कट्टा उठला, आणि ज्यांचा तो होता त्यांना त्यात काडीचाही अधिकार नव्हता.

जुने आणि नवे यांतला खरा फरक इथे आहे. आज स्नेह कमी झाला, हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही. बदलली ती जागेची मालकी. घरातला टीव्ही गेम कंपनी बुडाली तरी चालत राहिला. आजचा खेळ सर्व्हरवर राहतो आणि खेळणारे तिथे भाडेकरू असतात. 'द क्रू' हा मोटारींचा खेळ यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. त्यानंतर पैसे मोजून घेतलेली प्रतही निरुपयोगी ठरली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या चळवळीच्या युरोपीय निवेदनावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. या चळवळीची थट्टा करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, दहा लाख माणसे निव्वळ चार मोटारींसाठी सही करत नाहीत.

दुसऱ्या भिडूची शेजारची खुर्चीही मध्यंतरी काढून घेतली गेली. 'हेलो'सारख्या मालिकेने २०१५ च्या पाचव्या भागात एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय वगळली. कारण दिले गेले ते चित्राच्या वेगाचे. पण २०२१ मध्ये योसेफ फारेस यांच्या स्वीडिश चमूने 'इट टेक्स टू' आणला. तो एकट्याने खेळताच येत नाही. दोघांपैकी एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. कोट्यवधींचे तंत्रज्ञान फिरून पुन्हा १९५८ च्या ऑसिलोस्कोपपाशी येऊन बसले.

अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. निदान त्यांची मोजणी तरी झाली. आपल्याकडच्या पार्लरांचे काय? पाट्या उतरल्या, यंत्रे भंगारात गेली, जागी मोबाइल दुरुस्तीची दुकाने आली. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो अशाच समजुतीने की दप्तरे वाळवीच्या आधी गाठली पाहिजेत. ही तुलना कोणाला पोरकट वाटेल. परंतु ज्या दप्तरांत कोण्या पाटलाच्या मानपानाचा तंटा नोंदलेला आहे, ती आज समाजेतिहासाची साधने मानली जातात. दोन कंट्रोलरांवरून सहा मुलांत झालेला तंटाही त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की तो कोणी लिहून ठेवला नाही.

साक्षीदार मात्र हयात आहेत, बहुतेक चाळिशीच्या आसपास. काका, मावसभाऊ, शेजारचे दादा, शाळेतले सर. त्यांना विचारता येईल: पार्लर कोणत्या गल्लीत होते, टोकन कितीला मिळे, पैसे कुठून आणत, घरी कळले तेव्हा काय झाले? गटात मुलगी होती का, आणि नसेल तर का नव्हती? पबजी गेला त्या रात्री चौघांपैकी कोणाशी बोलणे कायमचे थांबले? लिंबूटिंबूला वायर जोडलेली नाही हे कोणत्या वर्षी कळले? आणि मुस्तफा कोणाच्या वाट्याला येई, तेही.